मोटर चालू, पाणी नाही: विहिरीवरचा पंप पुन्हा पुन्हा हवा का धरतो?

लाइट आली, स्टार्टर दाबला, मोटर फिरली. पण आवाज नेहमीपेक्षा हलका, मोकळा. आणि पाइपाच्या तोंडाशी नुसती फुसफुस. विहिरीवर पंप असलेल्याला हा आवाज लांबूनही ओळखू येतो. मग कळशीने पाणी आणा, पंपात भरा, पुन्हा चालू करा. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी परत तेच. दुकानात जाऊन तक्रार सांगितली की उत्तर ठरलेलं असतं: "फूटबॉल गेला, नवा टाका." फूटबॉल म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या बुडाशी बसणारा, पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह. कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा नवा फूटबॉल टाकूनही पंप पाणी सोडतोच, म्हणजे हवा धरून कोरडा पडतोच, कारण दुखणं दुसऱ्याच जागी असतं.

म्हणून पंप पाणी सोडतो म्हटल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की तो कधी सोडतो? रात्रभर बंद राहिल्यावर, चांगला तास-दोन तास चालल्यावर, की मुळात उचलतच नाही? या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि ती ओळखायला पाना हातात घ्यावा लागत नाही. फक्त पंपाच्या पोटात काय चालतं ते एकदा नीट समजून घ्यावं लागतं. इथे मी विहिरीच्या काठावर किंवा आतल्या ओट्यावर बसवलेल्या पंपाबद्दल बोलतोय. पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबलला हे दुखणं नसतं. त्याची दुखणी वेगळी.

पंपाच्या पोटात

बाहेर बिडाचं जाड कवच असतं, त्याला केसिंग म्हणतात. आत मोटरच्या शाफ्टवर एक पंखा घट्ट बसवलेला असतो, तो इंपेलर. हा पंखा छताच्या पंख्यासारखा उघडा नसतो. दोन गोल चकत्या आणि त्यांच्या मधे मागच्या बाजूला वाकवलेली पाती, अशी त्याची बांधणी. पुढच्या चकतीच्या मध्यावर एक गोल तोंड असतं, त्याला इंपेलरचा डोळा म्हणतात. पाणी या डोळ्यातून आत शिरतं, पात्यांच्या कचाट्यात सापडून गरगरतं आणि गोफणीतून दगड सुटावा तसं कडेने बाहेर फेकलं जातं. बाहेर केसिंगची वाट गोल फिरत रुंद होत जाते. तिथे पाण्याचा वेग कमी होतो, त्याचा दाब होतो आणि तो दाब पाण्याला डिलिव्हरीच्या पाइपातून वर ढकलतो.

पंपाच्या मोटरी सहसा मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेतात. पंखा १५० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने पळत असते. एवढ्या वेगाने पाणी बाहेर गेलं की डोळ्यापाशी दाब कमी होतो. पंप 'ओढतो' असं आपण म्हणतो ते या जागेबद्दल.

खरं तर पंप पाणी ओढत नाहीच. विहिरीतल्या पाण्याच्या पाठीवर अख्ख्या वातावरणाचा दाब बसलेला असतो. पंखा डोळ्यापाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी सक्शन पाइपातून वर ढकलते. वर चढवायचं काम हवा करते, पुढे फेकायचं काम पंखा करतो. समस्येचं मूळ याच वाटणीत आहे.

आता केसिंगमध्ये पाण्याऐवजी हवा असली तर? पंखा हवेलाही तेवढ्याच जोराने भिरकावतो. पण हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून जास्त हलकी. जो पंप पाणी ३० मीटर उंच फेकतो, तो हवेवर चालला तर त्याचा जोर पाण्याच्या जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर उंचीएवढाच भरतो. म्हणजे विहिरीतलं पाणी पाइपात चार बोटंही वर येणार नाही. मोटर कितीही वेळ फिरवा, पाच एचपीची असो नाहीतर दहाची. म्हणून पंपात आधी पाणी भरावं लागतं, आणि भरलेलं पाणी तिथून निसटता कामा नये.

ते पाणी अडवून धरतो फूटबॉल, म्हणजे सक्शन पाइपाच्या बुडाशी लावलेला फूट व्हॉल्व्ह. कारागिरी साधीच आहे: खाली जाळी, आत गोल बैठक, आणि बैठकीवर पडणारी चामड्याची किंवा रबराची झडप, वर थोडं वजन लावलेली. पंप चालू झाला की पाणी झडपेला उचलून वर जातं. पंप बंद झाला की वरच्या पाण्याच्या वजनाने झडप बैठकीवर बसते. झडप आणि बैठक यांच्यात सुतळीएवढी काडी अडकली तरी रात्रभरात अख्खा पाइप रिकामा होतो.

सकाळी रिकामा सापडतो

संध्याकाळी चांगलं पाणी होतं, सकाळी पंप कोरडा. इथे फूटबॉलवर संशय घ्यायला हरकत नाही, पण खात्री करून घ्या. डिलिव्हरीचा कॉक बंद करा, पाणी भरायच्या नरसाळ्यातून काठोकाठ पाणी भरा, नरसाळं उघडंच ठेवा आणि पाण्याकडे पाहत बसा. बघता बघता पाणी खाली उतरलं तर फूटबॉल गळतोय. अर्ध्या तासात बोटभरही हललं नाही, तर फूटबॉलला हात लावू नका. तो निर्दोष आहे, खर्च वाचला.

हळूहळू उतरत असेल तर सक्शन पाइपावर वरपासून खालपर्यंत हात फिरवा. ही तपासणी फार लोक करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त काही सांगून जाते ती हीच. पंप चालू असताना सक्शन पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे सांध्यात फट असली तरी पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणजे चालत्या पंपाचा फुटका सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. पंप बंद असताना, पाइप काठोकाठ भरलेला असताना मात्र आतल्या पाण्याचं वजन बाहेर जोर करतं आणि त्याच फटीतून पाणी पाझरतं. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, जुन्या पाइपावर अशा जागी गंजाचा तांबूस ओघळ आणि त्याच्या मधोमध एक ओला ठिपका दिसतो. तो ठिपका सापडला की चोर सापडला. चालू पंपावर गळती शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

सांधे सगळे कोरडे, तरी पाणी उतरतंय? मग गळती पाण्याखाली आहे. फूटबॉलची झडप, त्याची आटी, किंवा पाण्यात बुडालेल्या पाइपाला पडलेलं भोक. आता पाइप वर काढण्यावाचून इलाज नाही. काढल्यावर लगेच नवा फूटबॉल आणायला पळू नका. जाळी आणि झडप साफ करा. बहुतेक वेळा पान, शेवाळ, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा वाळूचे खडे निघतात. चामडं कडक होऊन मुडपलं असेल तर वायसर बदला. तो सुटाही मिळतो. बैठकीला खाचा पडल्या असतील तरच अख्खा फूटबॉल नवा घ्या. बसवण्याआधी जमिनीवर उभा धरून वरून पाणी ओता आणि थोडा वेळ थांबून पाहा. दुकानातून आणलेला नवा असला तरी हे करा. नव्यातही गळके निघतात, आणि ते विहिरीत उतरवल्यावर कळून उपयोग नाही.

पंपात शेणकाला ओतायची जुनी युक्ती आहे. ती खोटी नाही. शेणातले बारीक तंतू झडपेच्या फटीत जाऊन बसतात आणि गळती तात्पुरती थांबते. रात्री शेताला पाणी देत दाऱ्यावर उभं असताना तेवढ्याने निभावून जातं. पण दर चार दिवसांनी शेण कालवायची वेळ येत असेल तर झडप संपली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फूटबॉल वरचेवर फुटत असेल तर डिलिव्हरीच्या लाइनकडे बघा. पाइपलाइन लांब आणि चढाची असेल, तर लाइट गेल्याक्षणी लाइनमधलं सगळं पाणी मागे फिरतं आणि झडपेवर आदळतं. विहिरीत धप्प असा आवाज येतो तो हाच. पंपाच्या लगेच पुढे डिलिव्हरीवर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न फिरू देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवला की तो धक्का तिथेच अडतो. फूटबॉल तीनदा बदलण्यापेक्षा एनआरव्ही एकदा बसवलेला स्वस्त पडतो.

चांगला चालतो आणि मधेच सोडतो

इथे फूटबॉलचा काही संबंध नाही. पंप चालू असताना झडप उघडीच असते, ती गळकी असली काय, नसली काय. हवा दुसरीकडून येतेय.

आधी विहिरीत डोकावा. चालत्या पंपाने पाणी किती खाली गेलंय? जाळीच्या वर दोन-अडीच फूट तरी पाणी राहिलं पाहिजे. त्याहून कमी झालं की पाण्यावर भोवरा तयार होतो आणि त्या भोवऱ्याच्या नळीतून हवा थेट जाळीत शिरते. हे दिसायला सोपं आहे, फक्त पंप हवा धरतो त्या वेळी तुम्ही विहिरीजवळ असायला हवं. जाळी खाली सरकवा, पण अगदी तळाला टेकवू नका, नाहीतर गाळ ओढून झडप पुन्हा अडकेल. झऱ्यांची आवक पंपाच्या उपशापेक्षा कमी असेल तर दुरुस्ती कशाचीच नको. डिलिव्हरीचा कॉक थोडा आवळून उपसा कमी करा.

पाणी पुरेसं असेल तर मग सांधे. बंद पंपावर ओला ठिपका सापडला नसेल तर चालत्या पंपावर साबणाचा फेस लावून पाहा. एकेका सांध्यावर, बेंडवर, पंपाच्या फ्लँजवर (बोल्टने आवळलेल्या चकत्यांच्या जोडावर) दाट फेस थापा. जिथे फट असेल तिथे फेस आत ओढला जाऊन तेवढ्यापुरती भोकं पडतात. ओली चिकणमाती लिंपली तरी चालतं. माती लिंपल्यावर पंपाचा आवाज भरला आणि धार सरळ झाली, की जागा पक्की. जीआयच्या आट्यांना सफेदा-सुतळी नाहीतर टेफलॉन टेप, पीव्हीसीला सोलेशन, फ्लँजला नवं पॅकिंग. एम-सील हा एका मोसमाचा उपाय आहे, पण मोसम निभावतो.

जोडपंप असेल, म्हणजे मोटर वेगळी आणि पंप वेगळा, तर ग्लँडही बघा. शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तिथे दोरीचे वेढे दाबून बसवलेले असतात. ही ग्लँड दोरी पाणी पूर्ण बंद करण्यासाठी नसतेच. तिथून थेंब थेंब पाणी पडत राहिलं पाहिजे. त्याच पाण्याने दोरी आणि शाफ्ट गार राहतात. थेंब बंद व्हावेत म्हणून नट पिळत गेलात तर दोरी जळते, शाफ्टला खाच पडते आणि मग तिथून हवा शिरते. मोनोब्लॉकमध्ये, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेल्या पंपात, दोरीऐवजी सील असतं: कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन घोटीव चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या, एक फिरती, एक स्थिर. तिला पाण्याचा ओलावा लागतो. पंप कोरडा फिरला की चकत्या तापतात, तडकतात. म्हणजे हवा धरल्याने सील जातं आणि सील गेल्याने पंप आणखी हवा धरतो.

आणि एक कारण डोळ्यांसमोर असून दिसत नाही: सक्शन पाइपाचा उंचवटा. पाइप विहिरीतून वर येऊन पंपापर्यंत सतत चढता हवा. मधे तो कुठे वर जाऊन पुन्हा खाली उतरत असेल, दगडावरून नेलेला असेल, बेंड पंपाच्या तोंडापेक्षा उंच असेल, तर पाण्यातून सुटणारी हवा त्या कमानीत साठत जाते. तासाभरात फुगा मोठा होतो आणि पाण्याची सलगता तुटते. बंद करून भरलं की पुन्हा तासभर ठीक. अशा पंपात कुठेच गळती सापडत नाही, कारण गळती नसतेच. दगड काढून पाइप सरळ करा, संपलं. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर, म्हणजे जाड पाइप बारीक तोंडाला जोडणारा तुकडा, असेल तर एका बाजूने सपाट असलेला घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा. दोन्हीकडून निमुळता होणारा रिड्यूसर आपल्या वरच्या कुशीत हवा धरून बसतो.

पावसाळ्यात ठीक, मार्चपासून त्रास

वातावरणाचा दाब पाण्याला किती उंच ढकलू शकतो याला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला सगळं आदर्श धरलं तरी १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. सतराव्या शतकात इटलीत पंपवाल्यांना अनुभवाने कळलं होतं की ठरावीक उंचीच्या वर पाणी उचलतच नाही. १६४० च्या दशकात टोरिचेल्लीने पारा वापरून त्यामागचं कारण दाखवलं. नळीतला पारा साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो, आणि पाणी त्याच्या साडेतेरापट हलकं म्हणून सुमारे १० मीटरवर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच; तिथे ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या थोडी वर उरते. त्यातून पाइपातलं घर्षण, बेंड, फूटबॉल आणि गरम पाण्याची वाफ यांची वजाबाकी झाली की हातात उरतात सहा-सात मीटर. वीस-बावीस फूट धरून चाला.

हे अंतर मोजायचं पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंत. विहिरीच्या तळापर्यंत नाही, आणि सकाळी भरलेल्या विहिरीवर तर नाहीच. पंप दोन तास चालून पाणी खाली गेलेलं असताना मोजा. मर्यादेच्या जवळ गेलेला पंप आधी आवाजाने सांगतो: आत खडी फिरतेय असा खरखराट. डोळ्यापाशी दाब इतका घसरतो की पाण्याचे वाफेचे बुडबुडे होतात आणि पात्यांवर फुटतात. असा पंप उघडला की पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. इथे फूटबॉल, सील, दोरी काहीही बदलून फरक पडणार नाही. पंप खालच्या ओट्यावर घ्या. मोठ्या एचपीची मोटर बसवू नका. ती फेकायला जोर देईल, चढवायला नाही. चढवणारी हवा तेवढीच आहे.

मार्चचं दुसरं कारण जास्त छुपं आहे. पाइपाचा जो गंजका भाग पावसाळ्यात पाण्याखाली होता, तो पातळी उतरल्यावर उघडा पडतो. पाण्याखाली असताना त्या भोकातून पंप पाणीच घेत होता, काही बिघडत नव्हतं. आता तिथून हवा घेतो. पंपात काहीच बदललेलं नसतं, तरी पंप अचानक बिघडल्यासारखा वाटतो. पाण्याच्या वर नव्याने उघड्या पडलेल्या दोन-तीन फुटांवर आधी हात फिरवा.

मुळात उचलतच नाही

पाणी भरताना हवेचा कॉक उघडा ठेवला होता का? नरसाळं भरलं म्हणजे केसिंग भरलं असं नाही; पंख्याच्या पात्यांमधे हवा अडकून राहते. मेन बंद करा, फ्यूज काढा, शाफ्ट हाताने दोन-चार वेळा फिरवा, बुडबुडे येतील, पुन्हा भरा. मोबाइल स्टार्टर किंवा ऑटो (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारी पेटी) असेल तर फ्यूज काढल्याशिवाय शाफ्टला हात लावूच नका. घरातून कुणी बटण दाबलं तर तुमचा हात कुठे आहे हे त्याला दिसत नाही.

भरूनही उचलत नसेल तर मोटरचे फेरे बघा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर) किंवा मीटरवर काही काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. उलट्या पंख्यानेही थोडं पाणी पुढे जातं, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही; नुसती धार मरगळलेली वाटते. केसिंगवर बाण असतो, त्याच्याशी ताडून पाहा. तिन्हीपैकी कोणत्याही दोन वायरी बदलल्या की झालं, पण ते वायरमनकडून करून घ्या. बाकी मग पंख्यात अडकलेली चिंधी, पंख्याला शाफ्टवर धरून ठेवणारी झिजलेली चावी, तुंबलेली जाळी.

स्टार्टरवर अँपिअरचा काटा असेल तर एवढं धावपळीचं कामच पडत नाही. पाणी भरून चालणारा पंप किती अँपिअर घेतो ते चांगल्या दिवशी खडूने पेटीच्या दारावर लिहून ठेवा. हवा धरली की काटा बराच खाली येतो, कारण मोटरला ओझंच उरत नाही. रात्रपाळीच्या लाइटवर ऑटो लावून झोपणाऱ्यांनी ड्राय रन प्रोटेक्शन बसवून घ्यावं. अँपिअर पडले की ते मोटर बंद करतं. नाहीतर पहाटेपर्यंत कोरडा फिरलेला पंप सकाळी हात लावू देत नाही, आणि सीलचा खर्च वेगळा.

डिलिव्हरीवर एनआरव्ही असेल तर आणखी एक सोय करून घ्या: एनआरव्हीच्या पुढच्या बाजूने अर्ध्या इंची पाइप काढून, कॉक लावून, तो पंपाच्या नरसाळ्यापाशी आणून सोडा. लाइन चढाची असेल तर तिच्यात पाणी उभं असतंच. कॉक उघडला की पंप आपोआप भरतो; बुडबुडे थांबले की कॉक बंद करायचा आणि मग स्टार्टर दाबायचा.